डाव्या पायाचा वारा

नुईला पुन्हा आणली तेव्हा किवा चुलीपाशी मुळा चिरत बसली होती. बाहेर बर्फावरून ओढत आणलेल्या घसरगाडीची करकर ऐकू आली. तो आवाज आता तिला पाठ झाला होता. तीन हिवाळ्यांतली ही अकरावी खेप.

गाडी ओढत होता नुईचा नवरा तोकुजी. मागून त्याची आई इसो, मान खाली घालून. नुई गवती चटईत गुंडाळलेली, तोंडातून हूं नाही की चूं नाही. तोकुजीने तिला उचलून आत आणली, चटईसकट चुलीजवळ ठेवली आणि म्हणाला, "काकू, पुन्हा वारा आला." घरात पुन्हा उंदीर झाले म्हणावं, तसं म्हणाला.

वारा म्हणजे कामाइताची. हिनोकुरा गावात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक. मुंगसाएवढं जनावर, नखांच्या जागी विळे, वावटळीत बसून येतं, डोळ्यांना दिसत नाही. माणसाच्या पायाला चीर पाडतं आणि निघून जातं. रक्त नाही, दुखणं नाही, नुसती चीर. पंचांगावर कुणाचा पाय पडला की हमखास येतं म्हणतात. आणि त्याच्यावर उतारा काय, तर जुनं पंचांग जाळायचं, त्याची राख तेलात कालवायची आणि चिरेत भरायची. ती राख अख्ख्या गावात एकाच घरी मिळायची, किवाच्या. तिच्या आधी तिची सासू तात्सू हे काम करायची. वर्ष सरलं की लोक आपापली पंचांगं आणून द्यायचे, त्यातली चांगली एक-दोन किवा देव्हाऱ्यामागच्या खुंटीला अडकवायची, बाकीची देवळात. तात्सू सांगायची, एक पंचांग गावाला दहा वर्षं पुरतं, लागते किती, तर चिमूटभर राख.

दहा वर्षं म्हणे! इथे एका पोरीच्या एका पायावर तीन हिवाळ्यांत खुंटीवरची सगळी चळत संपत आली होती. एकच पंचांग उरलं होतं. तरी गावात कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. पडला नव्हता कसला, पाडून घ्यायचाच नव्हता. आळीमिळी गुपचिळी. आणि त्या गुपचिळीत सगळ्यांच्या पुढे कोण, तर किवा स्वतः. पहिल्या खेपेला दाराबाहेर बायका जमल्या होत्या, तेव्हा बाहेर येऊन तिनेच सांगितलं होतं की कामाइताची आहे. राखवाल्या किवाने सांगितलं म्हणजे संपलंच. त्या चिरेतून इतकं रक्त गेलं होतं की तीन फडकी भिजली. ती फडकी किवाने मागच्या ओढ्यावर धुतली होती, कुणी नसताना.

तर आज तिने चटई उलगडली, पायाचं फडकं सोडलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. उजवा पाय होता.

आजवर दहाच्या दहा खेपा डावा असायचा. कधी नडगीवर, कधी पोटरीवर, एकदा गुडघ्याच्या वर, पण डावाच. ही चीर उजव्या पोटरीत होती, वीतभर लांब, आणि इतकी खोल की आतलं पांढरं दिसत होतं. किवाने मान वर करून तोकुजीकडे पाहिलं. तो मजेत चुलीवर हात शेकत होता.

"कापड मागावरून कधी उतरलं?" तिने विचारलं.

"काल," इसो म्हणाली. "उद्या बर्फावर पसरायचं."

किवाने फडकं पुन्हा पायावर टाकलं. राख उद्या लावू, आज पोरीला इथेच राहू दे, ताप चढेल असं दिसतंय, एवढं बोलून तिने मायलेकाला वाटेला लावलं. जाता जाता तोकुजीने विचारलं की मग संध्याकाळचं जेवण कोण करणार. किवा म्हणाली, तुझ्या आईचे हात शाबूत आहेत ना अजून? तो हसला. मोठा हसरा माणूस. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करणार, म्हाताऱ्यांची लाकडं फोडून देणार, लग्नात गाणी म्हणणार. त्याच्या तोंडाकडे बघून कुणाला काही सुचायचंच नाही.

आता डाव्या-उजव्याची गोष्ट. हिनोकुराच्या बायका पहिल्या बर्फापासून मार्चपर्यंत तागाचं तलम कापड विणतात. जमिनीलगतचा माग, कमरेला पट्टा आणि उजव्या पायाला दोरीचा फास. तो पाय मागे ओढला की ताणा उघडतो, सैल सोडला की मिटतो. दिवसातून हजार वेळा ओढायचा, हजार वेळा सोडायचा. उजवा पाय गेला तर माग गेला, आणि माग गेला तर घरातलं वर्षाचं मीठ गेलं. डावा पाय आपला नुसता पडून असतो. तो कापून ठेवला तरी कापडातला एक धागा चुकायचा नाही.

किवाला हे आज उमगलं अशातला भाग नाही. पहिल्या खेपेलाच उमगलं होतं. कसं उमगलं, ते तिच्या स्वतःच्या डाव्या नडगीला विचारावं. तिथे चार बोटं लांबीचा वण होता, चाळीस वर्षांपूर्वीचा. तिचा नवरा मासाझो. बारा वर्षांमागे गेला, पण गाव अजून त्याला देवमाणूस म्हणतं. त्या देवमाणसाने एका हिवाळ्यात भात करपला म्हणून विळा उचलला होता, आणि त्या रागाच्या भरातही कोणता पाय मागाचा आणि कोणता बिनकामाचा हे तो विसरला नव्हता. त्या चिरेत राख कुणी भरली? त्याच्या आईनेच. भरताना तात्सू म्हणाली होती, वारा होता गं, सूनबाई, कुणी विचारलं तर वारा. मरताना तिने पंचांगांची खुंटी किवाच्या स्वाधीन केली. काय पण वारसा! तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा, आणि मग त्याच तोंडाने गावाला पटवून द्यायचं की बुक्की वाऱ्याने मारली.

किवाने पाल्याचा काढा करून जखम धुतली. मग शिवणाची सुई चुलीत तापवली आणि तागाच्या दोऱ्याने चीर शिवून टाकली. नुईने चटईची कड दातांत धरली होती. तिचं वय बावीस, आणि केस कपाळापाशी पांढरे व्हायला लागले होते.

"आजी, राख भरा ना," ती म्हणाली. "मग मी घरी जाते."

"वारा आत कुठून आला?"

"दारातून."

"दार उघडं होतं?"

 किवाने उत्तराची घाई केली नाही. मुळ्याचं कालवण शिजलं, तिने ते वाडग्यात काढून पोरीच्या हातात दिलं. अर्धं वाडगं पोटात गेल्यावर पोरगी हळूहळू बोलायला लागली. भाताला पाणी किती घालायचं हे सांगावं, तशा आवाजात. ती कापडाची घडी घालत होती. ते म्हणाले, झालं का तुझं? ती म्हणाली, झालं. मग ते म्हणाले, म्हणजे आता पुढच्या बर्फापर्यंत तुझं काही काम नाही. आणि माळ्यावर गेले.

"डाव्याला लागायचं तेव्हा मला एवढी भीती नाही वाटायची, आजी," नुई म्हणाली. "उजव्याला हात लावणार नाहीत हे ठाऊक असायचं. जीव घेणार नाहीत हेही ठाऊक असायचं. आता माग रिकामा आहे."

किवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोकुजीवर तर गेलीच, पण त्याहून जास्त स्वतःवर गेली. ही पोरगी तीन वर्षं जीव मुठीत धरून आपल्या उजव्या पायाच्या आधाराने जगत होती आणि आपण काय करत होतो, तर पंचांगं जाळत होतो. एक शब्द, फक्त एक शब्द पहिल्या खेपेला खरा बोललो असतो, तर उरलेल्या दहा चिरा पडल्या नसत्या. देवापुढे बसून किवाने किती वेळा हात जोडले असतील. देवाला काय, तो ऐकून घेतो.

दिवस मावळायच्या आधी गावप्रमुख हेइमोन आला. बूट झाडून चुलीशी बसला आणि चटईतल्या नुईकडे न बघता बोलायला लागला. पंचांनी ठरवलं आहे म्हणाला. या कामाइताचीचा आता कायमचा बंदोबस्त करायचा. चार दिवसांनी कापडाचा व्यापारी यायचा आहे, आणि त्याच्या कानावर गेलंय की हिनोकुरात काहीतरी बाधा आहे. बाधेच्या गावचं कापड शहरात कोण नेसणार? म्हणून उद्या सकाळी, सगळं गाव कापड पसरायला शेतावर जमलं की, तिथेच उंच काठीला विळा बांधून पूजायचा, आणि मग ती काठी तोकुजीच्या छपरावर रोवायची. वारा आला की विळ्यावर कापला जाईल. जुनी रीत आहे, सगळ्यांना पटेल. किवाने फक्त चार माणसांसमोर दोन शब्द बोलायचे आणि नुईला तिथूनच घरी धाडायची.

किवाने त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. तिने सरळ विचारलं, "हेइमोन, तुला खरंच वाटतं वारा आहे?"

त्याने काडीने निखारे सारखे केले. "काकू, रशियाच्या लढाईला आपल्या गावातून सात जण गेले. परत आले दोन. त्यातला तोकुजी पदक घेऊन आला. चौकीतला शिपाई त्याला सलाम ठोकतो. मी काय वाटून घेऊ, तुम्हीच सांगा."

मग म्हणाला की झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि उठला. मूठ झाकलेली होती हे खरंच, पण त्या मुठीत विळा होता, त्याचं काय? किवाने हे त्याला बोलून दाखवलं नाही. त्याला बोलून उपयोग नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. शेतांवर अजून छातीइतकं बर्फ होतं, वरून घट्ट गोठलेलं, त्यावरून बैल चालवावा. बायकांनी रात्रभर राखेच्या पाण्यात भिजवलेलं कापड आणून पसरायला सुरुवात केली होती. बर्फ, ऊन आणि राखेचं पाणी, या तिघांनी मिळून ते पांढरंशुभ्र करायचं. पट्ट्याशेजारी पट्टा, घरामागे घर. नुईने विणलेले दोन पट्टे इसो एकटीच पसरत होती. गावातलं सगळ्यांत तलम कापड ते. व्यापारी नेहमी आधी त्यालाच हात लावायचा.

किवाने स्वतः घसरगाडी ओढत नुईला तिथवर आणलं. वय त्रेसष्ट, बरगड्यांत कळ यायला लागली, पण दोघा-तिघांनी पुढे केलेले हात तिने झिडकारले. आज पुढे केलेले हात तीन वर्षं कुठे होते?

मधोमध काठी आडवी ठेवली होती. हेइमोनने तांदूळ वाहिले, दारू शिंपडली, आणि तोकुजीने आपला विळा आणून त्याच्या हातात दिला. हेइमोनने तो उन्हात धरून सगळ्यांना दाखवला आणि कौतुकाने म्हणाला की बघा, कसा लखलखतोय, वाऱ्याचे दोन तुकडे होतील.

आणि तिथे किवाला हसू आलं. कडू हसू. कारण मार्च महिना होता. त्या गावात कापणी आटोपली की विळे धुतात, तेल चोपडतात, गवताच्या काड्यांत गुंडाळतात आणि माळ्यावर टांगतात. बर्फ वितळेपर्यंत त्यांना कुणी शिवत नाही. बर्फात कापायचं आहे काय? त्या क्षणी गावातला प्रत्येक विळा काळपट तेलाने माखून अंधारात लटकत होता. हा एकच नुकता धार लावलेला होता.

हेइमोनने खूण केली. किवा पुढे झाली. लोकांनी टोप्या काढल्या, राखवाली बोलणार म्हणून.

"हिच्या पायाला वाऱ्याने चिरलेलं नाही," किवा म्हणाली. "तोकुजीने चिरलंय. तो हातात आहे ना हेइमोनच्या, त्याच विळ्याने."

 मग तोकुजी हसला. तेच ते गोड हसू. काकूंचं वय झालं, रात्रभर जागल्यात, कुणीतरी घरी सोडा त्यांना, असं काहीतरी म्हणाला. दोन-चार पुरुष हसले, सुटल्यासारखे. हेइमोनचा चेहरा मात्र उतरला होता.

"काकू, दहा वेळा तुम्हीच सांगितलंत कामाइताची म्हणून," तो म्हणाला.

"सांगितलं. दहाही वेळा खोटं सांगितलं. मी खोटारडी आहे, हेइमोन. पण मी बोलले ते तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, कारण तुम्हाला तेच ऐकायचं होतं." तिचा आवाज चढत गेला. "कामाइताचीच्या चिरेला रक्त येत नाही म्हणता ना? माझ्या ओढ्यावरच्या दगडाला विचारा किती रक्त आलं ते. आणि बायांनो, तुम्ही मागावर बसता. तुम्हीच मला सांगा, तीन वर्षं हा वारा डाव्याच पायाला का चावत होता? उजव्या पायाला दोरी असते हे वाऱ्याला कुणी सांगितलं? आणि परवा कापड उतरलं तेव्हा त्याच दिवशी उजव्याला चावायला तो कसा काय मोकळा झाला?"

आता कुणी हसलं नाही. पुरुषांना समजायला क्षणभर लागला. बायकांना लागला नाही. ज्या बायका कापडावर वाकल्या होत्या त्या तशाच वाकून राहिल्या. अख्खा जन्म उजव्या पायाने दोरी ओढलेल्या त्या बायका, त्यांना आणखी काय समजवायचं?

तोकुजी पुढे आला. आता तो हसत नव्हता. घरातलं भांडण चव्हाट्यावर आणणारी ही कोण, माझी बायको, माझं घर, मी लढाईत गोळ्या खाल्ल्या तेव्हा ही म्हातारी चुलीशी शेकत बसली होती, असं बरंच तो बोलला. हेइमोन मध्ये पडला. म्हणाला, काकू, तुमचं दुखणं मला कळतं, पण आपल्या गावात कधी कुणी बाईवर विळा उगारलाय का? मासाझोकाकांसारखी माणसं या गावात होऊन गेली.

नाव घेतलं. त्याने ते नाव घ्यायला नको होतं.

किवाने वाकून डाव्या पायाचा गवती बूट काढला, मोजा काढला, आणि नेसूचा काठ गुडघ्यापर्यंत वर केला. त्रेसष्ट वर्षांच्या बाईने भर उन्हात, पुरुषांसमोर. बर्फावर तिचा तो वाळका पाय आणि त्यावर चार बोटांचा पांढरा वण.

"हा तुझ्या मासाझोकाकाने दिला," ती म्हणाली. "त्याच्या आईने यात राख भरली आणि मला शिकवलं, वारा म्हण. मी म्हटलं. माझ्यानंतर कोण म्हणणार आहे ते ठरवा आणि सांगा, खुंटीवर एक पंचांग उरलंय, त्याच्या हाती देते."

किवाला वाटलं होतं कुणीतरी बोलेल. कुणी बोललं नाही. बायका बर्फाकडे बघत होत्या, पुरुष काठीकडे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्या दिवशी कितीतरी डोळ्यांत दिसलं तिला, पण तोंडं शिवलेली. तिचा अनवाणी पाय सुन्न झाला. आता ही पोरगी त्या घरात परत जाणार, आणि पुढच्या खेपेला गाडी माझ्या दारात येणार नाही, सरळ मसणात जाईल, हे तिला लख्ख दिसत होतं.

तेवढ्यात तिची नजर इसोवर गेली. इसो आपल्या सुनेच्या कापडापाशी उभी होती, आणि तिचा हात स्वतःच्या डाव्या नडगीवर होता. कळत नकळत गेलेला हात. आसपासच्या पाच-सहा बायकांनीही तो पाहिला. इसोच्या लक्षात आलं तशी तिने तो झटकन काढून घेतला, पण उशीर झाला होता. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या, आणि तिची जमिनीवर.

मग इसो पाच पावलं चालून नुईच्या गाडीपाशी आली. तिच्याकडे न बघताच, हेइमोनला ऐकू जाईल असं म्हणाली, "ही सून आमच्या घराच्या वळणात बसली नाही. मी तिला माहेरी परत पाठवतेय."

त्या मुलुखात सून सासरच्या दारातून जिवंत बाहेर पडायची ती एवढ्या एकाच वाक्याने. सासूने म्हटलं की ठरलं, पंचांनाही मध्ये बोलता येत नाही. नवऱ्यालाही नाही. बट्टा लागतो तो सुनेला, तिच्या बापाला, तिच्या धाकट्या बहिणींना. इसोला दुसरं दार ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

तोकुजीने आईचा दंड धरला आणि काहीतरी हळू आवाजात बोलला. इसोने तेवढ्याच हळू उत्तर दिलं, पण किवा जवळच उभी होती, तिला ऐकू गेलं.

"तुझ्या बापाच्या आवाजात माझ्याशी बोलू नकोस."

त्याने हात सोडला. चार दिवसांनी घाटापलीकडून नुईचे दोघे भाऊ येऊन तिला घेऊन गेले. तोवर ती किवाकडेच होती. निघताना तिने उरलेल्या पंचांगाकडे बोट दाखवून विचारलं, याचं काय करणार? किवा म्हणाली, चूल पेटवणार. आणि त्या दिवशी तिने खरंच त्यावर चूल पेटवली आणि आंघोळीचं पाणी तापवलं.

आणि गाव? गावाने काय करावं! विळ्याची काठी तोकुजीच्या छपरावर रोवलीच. नंतर तिथे कुणाला चीर पडली नाही, पडणार कुणाला, तरी लोक म्हणायला लागले, बघा, विळ्याने काम केलं. कुणी म्हणे, बाधा त्या सुनेच्याच अंगची होती, तिच्याबरोबर घाटापलीकडे गेली. वडाची साल पिंपळाला लावायला यांना कुणी शिकवायला नको. व्यापारी आला, नुईचे दोन पट्टे चढ्या भावाने घेऊन गेला, पैसे तोकुजीच्या घरात राहिले. वर्ष सरल्यावर एकाही घरातून किवाकडे जुनं पंचांग आलं नाही. पोरीबाळी तिला वाटेत नमस्कार करायच्या, आणि दोघी-तिघी म्हाताऱ्या विहिरीवर भेटल्या की उगीच तिची घागर उचलून द्यायच्या, बोलायच्या मात्र नाहीत. किवाच्या मनातला राग काही केल्या विझला नाही. विझवायचा तिनेही प्रयत्न केला नाही.

नुईकडून एकदा निरोप आला. उजवा पाय कायमचा अधू राहिला होता. तिच्या बापाने माग उलटा करून दिला, दोरी डाव्या पायाला. पहिले दोन महिने कापड वेडंवाकडं यायचं, आता सरळ येतं म्हणे. किवाने तो निरोप आणणाऱ्याला दोनदा सांगायला लावला.

पुढच्या शरदात, भाताच्या पेंढ्या वाळत घातलेल्या असताना, एका सकाळी किवाच्या दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. खालच्या गावची, लग्नं जमवणारी. तोकुजीसाठी एक मुलगी पाहिली आहे म्हणाली. अठरा वर्षांची, विणकामात हुशार. रीतीप्रमाणे शेजारपाजारी चौकशी करत होती. सहा घरं झाली होती. सगळ्यांनी सांगितलं की सोन्यासारखा माणूस आहे, लढाईचं पदक आहे, पहिलीचं काही जमलं नाही. ती परत निघाली होती, तर मुलाची आईच पाठोपाठ पाणंदीपर्यंत आली आणि म्हणाली की एक घर राहिलंय, किवाचं, तिथे जाऊन आल्याशिवाय जाऊ नका.

"म्हणून आले," बाई म्हणाली. मग जरा दबक्या आवाजात विचारलं, "खरं सांगा आजी, त्या घरात कामाइताचीची पीडा आहे म्हणतात, ते खरं आहे का? पोरीची आई घाबरलीय."

"आहे," किवा म्हणाली. "त्याला नाव आहे. तोकुजी."

मग तिने बाईला आत बोलावलं, चहा दिला, मुळ्याचं लोणचं पुढे ठेवलं आणि पहिल्या खेपेपासून सांगायला सुरुवात केली.